तीन ओळींचा कुळाचार

२००० सालच्या मे महिन्यातली गोष्ट. तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात मी गणित शिकवत होतो आणि मुलांसाठी मराठीतून टिपणे लिहीत होतो. गावातल्या छापखान्यात मराठी मजकूर छान जुळे, पण समीकरण आले की डीटीपी करणारा मुलगा हात टेकी. वर्गमुळाची चिन्हे छापून आलेल्या पानावर मी काळ्या शाईने स्वतः काढत असे. अशात माझा एक जुना विद्यार्थी पुण्याहून सुट्टीला आला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होता. येताना त्याने दोन वस्तू आणल्या होत्या: एका संगणक-मासिकासोबत फुकट मिळालेली लिनक्सची सीडी आणि एक फ्लॉपी.

फ्लॉपीवर 'देवनाग' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम होता. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन विद्यापीठातले फ्रान्स वेल्टहाउस हे त्याचे मूळ कर्ते. रोमन अक्षरांत टंकलेला मराठी किंवा संस्कृत मजकूर हा प्रोग्रॅम डोनाल्ड क्नूथ यांच्या 'टेक' या अक्षरजुळणीच्या प्रणालीला कळेल अशा रूपात बदलतो, आणि टेक मग देवनागरी पान तयार करते, समीकरणांसकट. अक्षरांची मुंबई वळणे हवीत, कलकत्ता वळणे हवीत की नेपाळी, हेही त्यात निवडता येते. ग्रोनिंगेनमधल्या माणसाने सुरू केलेल्या कामात मुंबई वळणाची सोय व्हावी, याचे मला तेव्हा फार अप्रूप वाटले होते, अजूनही वाटते.

पण फ्लॉपीवर होता तो चालणारा प्रोग्रॅम नव्हता. ती त्याची संहिता होती, सी भाषेत लिहिलेली. संगणकवाले तिला सोर्स कोड म्हणतात. मी या लेखात संहिता हाच शब्द वापरणार आहे. ती आधी यंत्राच्या भाषेत उतरवायची, मग चालवायची. विद्यार्थ्याने एक ओळ टंकली, एंटर दाबले, आणि यंत्राने उत्तर दिले की 'एसटीडीआयओ डॉट एच' अशी कोणतीही फाइल इथे नाही.

"सर, कंपायलर आहे," तो म्हणाला, "पण हेडर नाहीत."

अर्धा तास सीडी धुंडाळल्यावर एक पाकीट सापडले. त्याच्या नावाच्या शेवटी 'डेव्हेल' असे शेपूट होते. ते बसवले, तीच ओळ पुन्हा टंकली, आणि यंत्र काहीही न बोलता पुढच्या आज्ञेची वाट पाहू लागले. या जगात काही न बोलणे म्हणजे काम झाले, हेही मला त्या रात्री समजले. अकराच्या सुमारास पायथागोरसचा सिद्धान्त मराठीत छापून हातात आला. वर्गमूळ आपोआप, आपल्या जागी.

पण पाकिटाचे ते शेपूट माझ्या डोक्यातून गेले नाही. कंपायलर दिला आणि हेडर दिले नाहीत, असे कोणी आणि का केले असेल? त्यानंतर पंचवीस वर्षे फुरसत मिळेल तसा मी हा प्रश्न मागे मागे नेत राहिलो. त्याचे उत्तर मला वाटले होते त्याहून जुने निघाले, आणि २०२४ साली ते अचानक ताजेही झाले.

आधी हेडर म्हणजे काय ते सांगतो. छापील नाटकाच्या सुरुवातीला पात्रपरिचयाचे पान असते. कोण, कुणाचा कोण, वय काय. त्या पानावर संवाद नसतात. हेडर फाइल हा तसा पात्रपरिचय. सी भाषेतल्या प्रोग्रॅमला पडद्यावर एक ओळ उमटवायची झाली तरी तो ते काम स्वतः करत नाही. यंत्रात आधीच तयार असलेल्या सामाईक लायब्ररीतल्या एका फंक्शनला बोलावतो. त्या फंक्शनला काय द्यायचे आणि ते काय परत देते, एवढेच हेडरमध्ये असते. प्रोग्रॅम बनत असताना कंपायलरला हा परिचय हवा असतो. एकदा प्रोग्रॅम बनला की तो हेडरकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याला फक्त लायब्ररी पुरते. तेव्हा वापरणाऱ्याच्या यंत्रावर हेडर नसले तरी कुणाचे अडत नाही. अडते ते फक्त बनवणाऱ्याचे.

कंपायलरला आपल्या परिभाषाकोशांनी 'संकलक' म्हटले आहे. हा शब्द मला पूर्वी कोरडा वाटे. पण ग्रेस हॉपर यांनी १९५२ साली युनिव्हॅक यंत्रासाठी 'ए-शून्य' नावाची प्रणाली केली, तेव्हा तिचे काम खरोखर संकलनाचेच होते: टेपवर साठवलेल्या तयार उपक्रिया शोधून काढायच्या आणि एकापुढे एक लावून एक प्रोग्रॅम करायचा. कंपाइल हा शब्द त्यांनी त्या अर्थाने घेतला. भाषांतराचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. परिभाषा करणाऱ्यांनी इंग्रजी शब्दाचा नुसता प्रतिशब्द दिला असेल, पण इतिहासाच्या दृष्टीने तो अचूक बसला.

त्या काळात संहिता यंत्राबरोबरच येई. यंत्र लाखो डॉलरचे. त्यावरचे प्रोग्रॅम म्हणजे गाडीबरोबर मिळणारी हत्यारांची पिशवी. १९५५ साली आयबीएमची यंत्रे वापरणाऱ्यांनी 'शेअर' नावाची संघटना काढली आणि आपापले प्रोग्रॅम एकमेकांना द्यायला सुरुवात केली. जून १९६९ मध्ये आयबीएमने जाहीर केले की यापुढे सॉफ्टवेअरचे पैसे वेगळे. ज्याचे वेगळे पैसे घ्यायचे ते झाकूनही ठेवावे लागते. संहिता आणि प्रोग्रॅम यांची ताटातूट व्हायला इथून सुरुवात झाली.

त्याच वर्षी न्यू जर्सीतल्या बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचे काम सुरू केले. बेलची मालक एटी अँड टी ही टेलिफोन कंपनी, आणि १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीने तिला टेलिफोनखेरीज दुसऱ्या धंद्यात उतरायला मनाई होती. म्हणून युनिक्स विद्यापीठांना अल्प मोबदल्यात परवान्यावर मिळे, आणि संहितेसकट मिळे. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन लायन्स यांनी सहाव्या आवृत्तीच्या गाभ्याची सुमारे नऊ हजार ओळींची संहिता घेतली आणि तिच्यावर टीका लिहिली. आपल्याकडे सूत्रांवर भाष्य लिहितात तशी, ओळीओळीला धरून. ही १९७६-७७ ची गोष्ट. सातव्या आवृत्तीच्या परवान्याने वर्गात संहिता शिकवायला बंदी घातली. मग लायन्स यांचे पुस्तक फोटोकॉपींच्या रूपाने हिंडू लागले, प्रतीची प्रत, तिची पुन्हा प्रत, अक्षरे पुसट होत जाणारी. ते रीतसर छापून प्रसिद्ध व्हायला १९९६ उजाडले. लायन्स १९९८ मध्ये गेले. एका प्राध्यापकाने वर्गासाठी काढलेली टिपणे वीस वर्षे चोरून वाचली गेली, हे वाचल्यावर टिपणे काढणाऱ्या माणसाला काय वाटते ते मी इथे लिहीत नाही.

बेलमधलीच दुसरी एक वस्तू या लेखासाठी अधिक महत्त्वाची आहे. १९७६ साली तिथल्या स्टुअर्ट फेल्डमन यांच्या खोलीत त्यांचे सहकारी स्टीव्ह जॉन्सन तणतणत आले. त्यांनी सकाळभर एका चुकीच्या मागे घालवली होती. चूक केव्हाच दुरुस्त झाली होती, पण ती फाइल नव्याने कंपाइल करायची राहून गेली होती, आणि ते जुनाच प्रोग्रॅम चालवून पाहत होते. फेल्डमन यांनी त्यावर उपाय म्हणून 'मेक' लिहिले. कोणती वस्तू कशापासून होते हे एका फाइलीत मांडायचे. मेक फाइलींच्या वेळा पाहते आणि जेवढे शिळे झाले आहे तेवढेच नव्याने करते. स्वयंपाकघरात आपण हेच करतो: भात निवला म्हणून आमटीही पुन्हा करत नाही.

या फाइलीत प्रत्येक आज्ञेची ओळ टॅबने सुरू व्हावी लागते. टॅबऐवजी आठ कोऱ्या जागा दिल्या तर डोळ्याला काही फरक दिसत नाही, पण मेक अडून बसते. हे चुकीचे झाले आहे हे फेल्डमन यांना थोड्याच आठवड्यांत कळले. तोवर मेक वापरणारे डझनभर लोक झाले होते, आणि त्यांची गैरसोय नको म्हणून त्यांनी ते तसेच राहू दिले. त्या डझनाचे पुढे लाखो झाले आणि टॅब अजून आहे. कुळाचार असेच तयार होतात. पहिल्या पिढीला कारण ठाऊक असते, दुसरीला गैरसोय, आणि तिसरी नैवेद्याच्या ताटात ती वस्तू ठेवल्याशिवाय आरतीला उभी राहत नाही.

ऐंशीच्या दशकात युनिक्सच्या शाखा फुटल्या. बर्कलीची निराळी, एटी अँड टीची निराळी, आणि यंत्र विकणाऱ्या प्रत्येक कंपनीची आपली आणखी एक. एका शाखेत अमुक फंक्शन असे, दुसरीत त्याचे नाव वेगळे, तिसरीत ते नसेच. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये मुक्त युनिक्ससदृश प्रणालीची, म्हणजे 'ग्नू'ची घोषणा केली. १९८७ मध्ये त्यांचा सी कंपायलर बाहेर पडला आणि १९८९ मध्ये जीपीएल हा परवाना. या परवान्याची दुसरी आवृत्ती जून १९९१ ची. तिच्यातली संहितेची व्याख्या कुणा कवीने नाही तरी एखाद्या संपादकाने जरूर वाचावी. बदल करण्यासाठी कर्ता स्वतः जे रूप पसंत करील ते रूप म्हणजे संहिता, असे ती म्हणते. पूर्ण संहितेत ती हेडरसारख्या परिचयाच्या फाइली धरते, आणि प्रोग्रॅम कंपाइल करून बसवण्याच्या आज्ञावल्याही धरते. पाककृती दिली पण आच किती आणि वेळ किती ते सांगितले नाही, असे चालणार नाही.

त्याच उन्हाळ्यात ग्नूची बरीच साधने सांभाळणाऱ्या डेव्हिड मॅकेंझी यांना वेगवेगळ्या युनिक्सवर तीच तीच तपासणी हाताने लिहिण्याचा कंटाळा आला. त्यांनी 'ऑटोकॉन्फ' केले. लेखकाने थोडक्यात लिहायचे की मला अमुक अमुक हवे. ऑटोकॉन्फ त्यावरून 'कॉन्फिगर' नावाची लांबलचक आज्ञावली तयार करणार. ती वापरणाऱ्याच्या यंत्रावर चालते आणि एकेक गोष्ट विचारत जाते: हे हेडर आहे का, हे फंक्शन आहे का, कंपायलर चालतो का. मिळालेल्या उत्तरांवरून ती मेकची फाइल लिहून देते.

इथे मॅकेंझी यांनी एक सौजन्य दाखवले. वापरणाऱ्याकडे ऑटोकॉन्फ नसले तरी चालले पाहिजे, असे त्यांनी ठरवले. म्हणून तयार झालेली कॉन्फिगर आज्ञावली प्रोग्रॅमच्या गठ्ठ्यातच घालून द्यायची. या गठ्ठ्याला टारबॉल म्हणतात. टार म्हणजे टेपवर फाइली बांधून ठेवण्याचे युनिक्सचे जुने साधन. आज्ञावलीही अशा जुनाट वळणाची की कोणत्याही युनिक्सवर चालावी. त्यामुळे ती हजारो ओळींची होते आणि माणसाने वाचावी अशी राहत नाही. बदल करायला कर्ता तिला हात लावत नाही. तो आपल्या मूळ चार ओळी बदलतो आणि ती पुन्हा काढतो. म्हणजे वरच्या व्याख्येने ती संहिताच नाही, तरी संहितेच्या गठ्ठ्यात बसून आली आहे. ही बारीक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. तिच्यात कुणाला खोट दिसली नाही, कारण हेतू चांगला होता आणि सोय मोठी.

तिथून तीन ओळींचा कुळाचार रूढ झाला: कॉन्फिगर, मेक, मेक इन्स्टॉल.

देवनागनंतरच्या चार-पाच वर्षांत मी हा कुळाचार किती वेळा केला ते सांगता येणार नाही. पहिली ओळ टंकली की पडदा वर सरकू लागे. अमुक तपासत आहे, आहे. तमुक तपासत आहे, आहे. मध्येच एक 'नाही' येई आणि छातीत धस्स होई. पण यंत्र पुढे जाई, कारण ते 'नाही' कुठल्या तरी केव्हाच बंद पडलेल्या युनिक्ससाठी विचारलेले असे. दुसऱ्या ओळीला चहा करून घेण्याइतका वेळ मिळे. मोठा प्रोग्रॅम असेल तर जेवण. तिसरी ओळ प्रशासकाच्या अधिकाराने, म्हणजे यंत्रावर हवे ते करण्याच्या मुभेने चालवायची. या तीन ओळींनी मी किती अनोळखी माणसांना माझ्या घरात ती मुभा दिली! कॉन्फिगर मी एकदाही उघडून वाचले नाही. माझ्या ओळखीच्या कुणी वाचल्याचेही मला माहीत नाही.

आता पाकिटाच्या शेपटाकडे येतो. लिनक्सचा गाभा १९९१ चा. तो, ग्नूची साधने आणि इतर शेकडो प्रोग्रॅम एकत्र बांधून देणारी वितरणे १९९२-९३ पासून निघू लागली. पॅट्रिक व्होल्कर्डिंग यांचे स्लॅकवेअर १९९३ च्या जुलैतले, इयन मर्डॉक यांचे डेबियन त्याच ऑगस्टमधले. स्लॅकवेअर फ्लॉप्यांच्या मालिकांमधून येई: 'ए' म्हणजे पायाभूत प्रणाली, 'एन' जाळ्यासाठी, 'टी' म्हणजे टेक, आणि 'डी' म्हणजे डेव्हलपमेंट, ज्यात कंपायलर वगैरे. ज्याला प्रोग्रॅम लिहायचे नाहीत त्याने 'डी'च्या फ्लॉप्या उतरवूच नयेत. मोडेमवरून एक फ्लॉपी उतरवायला किती वेळ लागे हे ज्यांनी भोगले आहे त्यांना ही विभागणी किती दयाळू होती ते कळेल.

डेबियन आणि रेड हॅटने ही विभागणी आणखी खाली, प्रत्येक लायब्ररीपर्यंत नेली. चालवायला लागते ते एका पाकिटात. बनवायला लागते ते, म्हणजे हेडर आणि इतर जुळवाजुळव, दुसऱ्यात. डेबियनमध्ये त्याचे शेपूट 'डेव्ह', रेड हॅटमध्ये 'डेव्हेल'. जागा वाचवणे हे एक कारण. दुसरे कारण अधिक पक्के होते. लायब्ररी बदलते तेव्हा जुने प्रोग्रॅम जुनीच मागतात, म्हणून चालवण्यासाठी दोन्ही आवृत्त्या शेजारी शेजारी नांदाव्या लागतात. पण नवे काही बनवताना कोणत्या आवृत्तीचा पात्रपरिचय वाचायचा, याचे उत्तर एकच असावे लागते. १९९७-९८ च्या सुमारास लिनक्सने आपली सर्वांत पायाची सी लायब्ररीच बदलली, तेव्हा ही वेगळी पाकिटे नसती तर हाहाकार झाला असता.

म्हणजे माझ्या सीडीवर हेडर नाकारलेले नव्हते, नुसते वेगळे ठेवलेले होते. मी स्वतःला वापरणारा म्हणवले आणि यंत्राने माझ्यावर विश्वास ठेवला. बनवणाऱ्यासाठी दार उघडेच होते, थोडे बाजूला. आजच्या डेबियनमध्ये 'बिल्ड-इसेन्शियल' नावाचे पाकीट आहे. ते जवळजवळ रिकामे असते. त्याचे काम एवढेच की ते मागवले की कंपायलर, मेक आणि सी लायब्ररीचे हेडर त्याच्या मागोमाग येतात. काही मित्र म्हणतात की या पाकिटांनी माणसाला जेवणारा करून टाकले, रांधणारा ठेवले नाही. मला ते पटत नाही. पण एक खरे आहे: १९९९ साली डेबियनमध्ये 'ॲप्ट' आले आणि जे हवे ते तयार, त्याच्या गोतावळ्यासह, एका ओळीत मिळू लागले. २००५ नंतर मी स्वतः काही कंपाइल केल्याचे क्वचितच आठवते. माझ्या वाट्याचा कुळाचार आता डेबियनची यंत्रे कुठेतरी माझ्यासाठी करत होती.

या व्यवस्थेतली मूळ अडचण केन थॉम्प्सन यांनी फार पूर्वी सांगून ठेवली होती. ट्युरिंग पुरस्कार स्वीकारताना दिलेले त्यांचे व्याख्यान १९८४ मध्ये प्रसिद्ध झाले. ते समजायला संगणक लागत नाही, विरजण पुरते. दही लावायला आधीचे दही लागते, त्याला त्याच्या आधीचे. सी कंपायलर स्वतः सी भाषेतच लिहिलेला असतो. तो कंपाइल करायला आधीचा कंपायलर लागतो. थॉम्प्सन यांनी दाखवले की कंपायलरमध्ये एक खोड घालता येते. संगणकात प्रवेश देणारा प्रोग्रॅम कंपाइल करताना त्यात गुपचूप एक चोरदार ठेवायचे. आणि स्वतः कंपायलर कंपाइल होत असेल तर ही खोड नव्या कंपायलरमध्ये उतरवायची. मग संहितेतून ती खोड पुसून टाकली तरी चालते. संहिता अगदी निर्मळ, आणि दह्याला मात्र तीच चव, पिढ्यान्‌पिढ्या. संहिता वाचून हे कधीच कळणार नाही. चाळीस वर्षे हे व्याख्यान अभ्यासक्रमात नेमले गेले आणि बहुतेकांनी ते एक सुंदर कोडे म्हणून वाचले. मीही.

२९ मार्च २०२४ रोजी अँड्रेस फ्रॉइंड यांनी एक पत्र जाहीर केले. ते पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे अभियंते, मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरीला. डेबियनच्या कच्च्या आवृत्तीवर मोजमापे घेताना त्यांना दिसले की दुरून यंत्रात प्रवेश देणाऱ्या एसएसएच या प्रोग्रॅमला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. दुसऱ्या कुणी ते सोडून दिले असते. त्यांनी मागोवा घेतला आणि ते 'एक्स-झेड' या फाइली आकसून ठेवणाऱ्या साधनाच्या लायब्ररीपाशी पोहोचले. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदार होते.

एक्स-झेड अनेक वर्षे लासे कॉलिन हे गृहस्थ जवळजवळ एकट्याने, बिनपगारी सांभाळत होते. २०२१ पासून 'जिया टॅन' या नावाने कुणी तरी मदतीला आले. चांगले काम केले, विश्वास मिळवला, हळूहळू नव्या आवृत्त्या काढण्याचा अधिकारही मिळवला. या नावामागे कोण आहे ते आजवर उघड झालेले नाही. दोन-अडीच वर्षे पाणी घालून वाढवलेले हे रोप होते.

विष कुठे घातले होते ते पाहा. प्रकल्पाचे भांडार, जिथे संहिता ओळीओळीने सर्वांदेखत बदलते आणि लोक ती वाचतात, तिथे चाचणीसाठी म्हणून दोन फाइली ठेवलेल्या होत्या. वाचून काही अर्थ लागू नये अशाच. त्यांतून विष बाहेर काढणारी ओळ मात्र भांडारात नव्हतीच. ती फक्त टारबॉलमध्ये होती, कॉन्फिगर ज्यापासून तयार होते त्या साहाय्यक फाइलींपैकी एकीत. टारबॉलमध्ये भांडारात नसलेल्या पुष्कळ फाइली असतात हे सर्वांना १९९१ पासून ठाऊक होते. मॅकेंझींच्या सौजन्याची ती रीतच होती. म्हणून फरक दिसला तरी कुणी थबकले नसते. आणि ते विष आधी पाहून घेई की कंपाइल करणारा डेबियनचे किंवा रेड हॅट पद्धतीचे पाकीट बनवतो आहे का. तसे असेल तरच जागे होई. घरी हौसेने तीन ओळींचा कुळाचार करणाऱ्या माझ्यासारख्याला ते शिवले नसते. सगळ्या गावाचे जेवण जिथे रांधले जाते त्या मुदपाकखान्यासाठीच ते होते.

ते डेबियनच्या पक्क्या आवृत्तीत शिरण्याआधी सापडले. अर्धा सेकंद उशीर झाला नसता तर काय, हा प्रश्न मी पुढचे काही आठवडे भेटेल त्याला ऐकवत होतो.

मराठी वाचकाला या प्रकारासाठी नवा शब्द शोधावा लागत नाही. आपल्याकडे त्याला प्रक्षेप म्हणतात. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याच कारणासाठी. तीनशे वर्षांत नकलणाऱ्यांच्या हातून पाठ बिघडला होता, आणि यापुढे कुणी आपली ओवी त्यात मिसळू नये अशी ताकीद त्यांनी शेवटी देऊन ठेवली. फरक एवढाच की ज्ञानेश्वरीत भर घालणारा बहुधा भक्तीपोटी घालत असे, आणि त्याची ओवी वाचता तरी येई.

संगणकाच्या जगातही शुद्ध प्रतीचे काम चालू आहे. २०१३ पासून डेबियनमधली काही मंडळी एक चिवट काम करत आहेत: एकाच संहितेपासून दोन वेगळ्या ठिकाणी पाकीट बनवले तर ते शेवटच्या बिटपर्यंत सारखे यावे. ऐकायला सोपे वाटते. पण कंपाइल केल्याची वेळ, फोल्डरचे नाव, फाइली वाचण्याचा क्रम, असे काय काय पाकिटात नकळत शिरते, आणि हजारो पाकिटांतून ते एकेक करून वेचून काढावे लागते. हे साधले की वितरण जे देते ते खरोखर त्या संहितेतूनच आले का, हे कुणालाही पडताळता येईल. मात्र याने एक्स-झेडचे विष पकडले नसते. विषारी टारबॉलपासून दोन्ही ठिकाणी सारखेच विषारी पाकीट आले असते. शुद्ध प्रत करायला बसताना मूळ पोथी कोणती धरायची, हा प्रश्न एकनाथांइतकाच जुना आहे.

विरजणाकडे काही जण वळले आहेत. 'गीक्स' नावाच्या वितरणाने २०२३ मध्ये जाहीर केले की त्यांची सगळी प्रणाली आता अवघ्या ३५७ बाइटांच्या एका बीजप्रोग्रॅमपासून उभी राहू शकते. तो इतका छोटा की माणसाने कागदावर घेऊन एकेक बाइट वाचावा. त्यातून थोडा मोठा, त्यातून आणखी मोठा, असे करत करत पूर्ण कंपायलरपर्यंत जायचे. अर्थात हे सगळे चालवायला आधीच एक लिनक्सचा गाभा चालू असावा लागतो, आणि तो कुणी कंपाइल केला हे विचारता येतेच. तरी साडेतीनशे बाइट वाचणे आणि लक्षावधी बाइटांवर विश्वास ठेवणे यांत मला मोठे अंतर दिसते.

ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियनची तेरावी आवृत्ती आली. मी ती बसवली आणि बऱ्याच वर्षांनी बिल्ड-इसेन्शियल मागवले. जुन्या फ्लॉपीतले सगळे मी वेळेवर दुसरीकडे उतरवून ठेवले होते. त्यात २००० सालच्या दिवाळीच्या सुट्टीत मी स्वतः लिहिलेला एक ऐंशी ओळींचा प्रोग्रॅम होता. टिपणांच्या शेवटी शब्दसूची द्यायची, ती अकारविल्हे लावणारा. कंपाइल करायला गेलो तर चूक. हेडर या वेळी जागेवर होते. माझ्या पिढीला शिकवले होते त्याप्रमाणे मी 'मेन' असे लिहून सरळ कंस केला होता, ते काय परत देते हे सांगितले नव्हते. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकाने ती मुभा काढून घेतली होती. ग्नूचा कंपायलर आजवर नुसती कुरकुर करत चालवून घेई, चौदाव्या आवृत्तीपासून त्याने ते बंद केले आहे.

'मेन'च्या आधी मी 'इंट' ही तीन रोमन अक्षरे घातली. यंत्र काहीच बोलले नाही. मग जुनी शब्दसूची त्यात घातली. आजची काही तयार साधने 'क्ष'ला 'क'मध्ये आणि 'ज्ञ'ला 'ज'मध्ये घालतात. मी तेव्हा शाळेत शिकलेला क्रम ठेवला होता. 'अंतर', 'अवकलन', 'कर्ण', 'कोन' असे करत सूची खाली सरकत गेली. 'क्षेत्रफळ' शेवटून दुसरे आले, आणि त्याच्या खाली 'ज्ञात राशी'.